समोरच्या कप्तानाची मर्जी

पोर्ट हॅल्डन, उत्तर ओंटारियो
२६ फेब्रुवारी १९५७

प्रिय मर्डो,

हे पत्र तुझ्या हॉटेलच्या पत्त्यावर टाकते आहे. घरी अर्डलीला टाकलं असतं तर तू निघून गेल्यावर पोचलं असतं, आणि आईनं ते फोडून शेजाऱ्यांना वाचून दाखवलं असतं.

वेस्ली कालच्या गाडीनं निघाला. चौघेही फलाटावर झाडूंची मोळी बांधून उभे. स्टेशन मास्तरनं विचारलं, कुठल्या मेयरच्या घरची साफसफाई मिळाली म्हणून. मी म्हटलं, बाहेर झाडतात बिचारे, घरात झाडू दिसला की यांची पाठ धरते. वेस्ली हसला नाही. गाडी सुटेपर्यंत हातमोजे काढत होता आणि घालत होता.

तुमचे चौघे सस्कॅचेवानकडून, आमचे चौघे उत्तर ओंटारियोकडून. देशाच्या कर्लिंग स्पर्धेत भाऊ एका बाजूला आणि नवरा दुसऱ्या. इथल्या बायका मला रोज विचारतात, तू कुणाकडून. मी सांगते, जो घरी येऊन मोजे धुवायला टाकेल त्याच्याकडून.

एक गोष्ट तुला सांगायची होती. कप्तान म्हणून वेस्लीची ही तिसरी खेप आहे आणि शेवटचीही. खाणीतल्या धुळीनं त्याची छाती गेली आहे. पुढल्या हिवाळ्यापासून बर्फावर पाय ठेवायचा नाही असं डॉक्टरनं सांगितलं आहे. हे त्यानं संघातल्या कुणालाच सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस.

मी काही मागत नाही, मर्डो. तू तीस वर्षांचा आहेस, तुझ्यापुढे पुष्कळ हिवाळे आहेत, एवढंच माझ्या मनात आलं. आलं ते लिहिलं.

गळ्याभोवती मफलर गुंडाळ. तुमच्या कप्तानाला, नेस्टरला, माझा नमस्कार सांग.

तुझी,
ईना

*

पोर्ट हॅल्डन
१४ मार्च १९५७

प्रिय मर्डो,

तुझ्या पत्राची वाट पाहिली. आलं नाही, म्हणून मीच लिहिते.

सामना आम्ही रेडिओवर ऐकला. शेवटचा डाव, दोन्हीकडे सारखे गुण, वेस्लीचा दगड वर्तुळाच्या मध्याशी, आणि एकच दगड उरलेला, तोही तुमच्या नेस्टरचा. समालोचक म्हणाला, दगड येतोय, येतोय, मध्याच्या आणखी जवळ, सस्कॅचेवान जिंकलं. टाळ्या सुरू झाल्या. मी उठून किटली ठेवली. खोटं कशाला सांगू, मला रडू येत होतं, आणि ते तुझ्यासाठी नव्हतं.

मग टाळ्या थांबल्या. समालोचक म्हणाला, खाली काहीतरी बोलणं चाललं आहे, बहुधा दगड जळला असावा.

आमच्या शेजारणीनं विचारलं, बर्फावर दगड जळतो कसा. ती इंग्लंडहून आलेली आहे, बर्फावर दगड सरकवायचा हा खेळ तिनं कधी पाहिलेला नाही. मी तिला समजावलं, सरकत्या दगडाला आपल्याच माणसाचा झाडू लागला तर तो जळला म्हणायचा. पंच नसतो. ज्याचा झाडू लागला त्यानंच सांगायचं. पुढे समोरच्या कप्तानाची मर्जी, दगड राहू द्यायचा की काढायचा. ती म्हणाली, आणि त्यानं सांगितलंच नाही तर? मी म्हटलं, सांगतात. हे सांगत असतानाच रेडिओवर तुझं नाव आलं.

वेस्लीनं दगड काढला आणि चषक आमचा झाला, हेही मी रेडिओवरच ऐकलं.

इथे त्यांना उघड्या ट्रकमधून फिरवलं. खाणीचा भोंगा वाजवला. चषक आमच्या कपाटावर आहे आणि वेस्ली त्या कपाटाकडे पाठ करून जेवतो. परवा मी विचारलं, तू तर तिथेच मागे उभा होतास, मर्डोचा झाडू लागलेला तुला दिसला का. तो म्हणाला, "नाही." थोड्या वेळानं म्हणाला, "मेव्हण्यानं दिलेला चषक आहे हा, ईना. आम्हा दोघांनाही ते ठाऊक आहे."

माझ्या पत्राबद्दल त्याला काहीच माहीत नाही. माहीत नसतानाही तो असं बोलला. मर्डो, मला लाज वाटते की मी ते लिहिलं, आणि त्याहून लाज याची वाटते की रेडिओवर तुझं नाव ऐकलं तेव्हा पहिल्यांदा मला बरं वाटलं होतं.

खरं सांग. झाडू लागला होता का?

ईना

*

अर्डली, सस्कॅचेवान
२८ मार्च १९५७

प्रिय ईना,

लागला होता.

दगड कमी पडेल असं वाटत होतं. दगडाच्या पुढचा बर्फ झाडला की तो जास्त सरकतो, म्हणून ऑर्व्हिल आणि मी जीव तोडून झाडत होतो. वर्तुळाच्या कडेशी माझ्या झाडूचं टोक दगडाला लागलं. अगदी हलकं. हाताला कळलं, डोळ्यांना दिसलं नसेल. ऑर्व्हिल माझ्या समोर वाकलेला होता, त्यालाही कळलं नाही. नेस्टर बर्फाच्या दुसऱ्या टोकाला. तुझ्या नवऱ्याला दिसलं नसेल तर कुणालाच दिसलं नाही.

तुझं पत्र त्या सकाळी मिळालं होतं. वाचून खिशात ठेवलं. खेळताना ते खिशातच होतं.

त्यामुळे झाडू लागला तेव्हा पहिला विचार दगडाचा आला नाही, तुझा आला. आता सांगितलं तर लोक म्हणतील बहिणीसाठी सांगितलं. मलाही नंतर कळणार नाही की कशासाठी सांगितलं. म्हणून मी झाडत राहिलो. दगड थांबला, टाळ्या वाजल्या, ऑर्व्हिलनं माझ्या पाठीत थाप मारली, तोवर मी गप्प होतो. मग बोललो.

उशीर झाला हे फक्त आईला कळलं. मी घरी आलो तेव्हा ती रेडिओशेजारच्या खुर्चीवर बसली होती. शेजाऱ्यांनी आणलेला केक टेबलावर अर्धा कापलेला होता. तिनं जिंकलो का हरलो हे विचारलं नाही. म्हणाली, "टाळ्या आधी कशा वाजल्या?" मी म्हटलं, रेडिओवर मागेपुढे ऐकू येतं. तिनं केकवर फडकं टाकलं.

गावात कुणी वाईट बोललेलं नाही. सगळे म्हणतात, बरोबर केलंस. म्हणतात आणि दुसरीकडे पाहतात. नेस्टर येताना गाडीत पूर्ण दिवस पत्ते खेळला, मला पानं वाटली नाहीत. मागच्या आठवड्यात मी गहू घेऊन त्याच्या कोठारावर गेलो. त्यानं ट्रक काट्यावर घेतला, वजन केलं, पावती फाडली. मग म्हणाला, "घरचं माणूस आहे तुझं. मी समजू शकतो." मला वाटलं त्यानं मारलं असतं तर बरं.

ऑर्व्हिल न्हाव्याकडे म्हणाला, बहिणीच्या लग्नातला अहेर मर्डोनं आता पोचता केला. सगळे हसले. मी तिथेच होतो, तोंडाला साबण लावलेला.

हंगामाची शेवटची स्पर्धा परवा झाली. संघात माझ्या जागी दुसरा होता. मला कुणी येऊ नको म्हटलं नाही. मी गेलो, तर सँडविचच्या खिडकीपाशी माणूस कमी होता, तिथे उभा राहिलो.

वेस्लीला सांग, चषक मी दिलेला नाही. झाडू लागला होता. त्यानं दगड काढला ते नियमानं काढला, त्याच्या जागी मी असतो तर मीही काढला असता. तुझ्या पत्राचं त्याला काही सांगू नकोस.

मर्डो

*

पोर्ट हॅल्डन
१० एप्रिल १९५७

प्रिय मर्डो,

सांगू नकोस म्हणालास, आणि मी सांगितलं. तुझं पत्र मी त्याला वाचायला दिलं, त्यात माझ्या पत्राचा उल्लेख होताच. तो वाचून होईपर्यंत मी चुलीपाशी उभी होते.

त्यानं पत्राची घडी घातली. म्हणाला, "तू त्याला माझ्या छातीचं लिहिलंस." मी हो म्हटलं. "म्हणजे त्याला माझी कीव होती." मी म्हटलं, त्याचा झाडू लागला होता वेस्ली, त्यानं लिहिलंय ना. तो म्हणाला, "कशासाठी सांगितलं ते आता कुणाला कळणार? त्यालासुद्धा कळणार नाही. तू तशी सोयच ठेवली नाहीस."

मग बाहेर जाऊन बर्फ उपसत बसला. उपसायला फारसा बर्फ उरलेलाही नव्हता. फावडं दगडांवर घासल्याचा आवाज येत होता आणि मध्येच खोकल्याचा. मी त्याला आत बोलावायला गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

तीन दिवस जेवण वाढणं आणि ताट उचलणं एवढंच चाललं. काल सकाळी त्यानं माझ्याकडे कागद मागितला. नेस्टरचं आडनाव कसं लिहितात विचारलं. मी सांगितलं, हलुश्का. त्यानं लिहिलं, पाकीट बंद केलं आणि स्वतः जाऊन पेटीत टाकलं. काय लिहिलंस म्हणून विचारलं तर म्हणाला, "मिटेल आता."

ऑर्व्हिलचं ते अहेराचं बोलणं त्याला फार लागलं आहे. माझ्या लग्नात तू चौदा वर्षांचा होतास आणि स्वतः केलेलं स्टूल दिलं होतंस. एक पाय आखूड होता त्याचा. ते अजून आहे. वेस्ली त्यावर बसून बूट घालतो.

त्यानं काय लिहिलं असेल याची मला भीती वाटते.

ईना

*

अर्डली
३ मे १९५७

प्रिय ईना,

काय लिहिलं ते आता सगळ्या गावाला माहीत आहे.

शनिवारी चर्चच्या तळघरात कर्लिंग मंडळाचं जेवण होतं. मी आईला घेऊन गेलो, कारण ती जायचंच म्हणाली. कोबीचे गुंडाळे वाढून झाल्यावर नेस्टर उठला. खिशातून कागद काढला, चष्मा लावला आणि वाचून दाखवलं. वेस्ली लिहितो की तो वर्तुळाच्या मागे दोन पावलांवर उभा होता. मर्डोचा झाडू दगडाच्या डाव्या अंगाला लागलेला त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. मर्डो बोलला नसता तर तो स्वतः बोलणार होता. असा माणूस ज्या संघात आहे त्या संघाला हरवल्याचा त्याला अभिमान वाटतो.

नेस्टरनं चष्मा काढला. म्हणाला, "माझं चुकलं, मर्डो." सगळ्यांसमोर. मग टेबलाला वळसा घालून आला आणि माझा हात हातात घेतला. त्याच्यामागून बाकीचे. ऑर्व्हिल रडवेला झाला होता. म्हणाला, मी न्हाव्याकडे जे बोललो ते मी खाल्लं असं समज. कुणीतरी म्हणालं, खा, नाहीतरी गुंडाळे संपलेत. हसले सगळे. पुढच्या हिवाळ्यात माझी जागा माझीच, असं नेस्टर म्हणाला.

घरी येताना आईनं माझा दंड धरला होता.

ईना, मार्चमध्ये तू मला लिहिलं होतंस की तू वेस्लीला विचारलं आणि तो नाही म्हणाला. त्याला झाडू दिसला नव्हता. आता त्यानं लिहिलं आहे की दिसला, आणि कुठल्या अंगाला तेही लिहिलं आहे. झाडू उजव्या अंगाला लागला होता.

मी तिथे हात पुढे करून उभा होतो आणि एकेकजण तो दाबत होता. मी सांगितलं तेव्हा एकानंही विश्वास ठेवला नाही. ज्यानं पाहिलं नाही त्यानं सांगितलं तेव्हा सगळ्यांनी ठेवला. आणि मी हात मागे घेतला नाही.

त्याला विचार. मला उत्तर हवं आहे.

मर्डो

*

पोर्ट हॅल्डन
१५ मे १९५७

प्रिय मर्डो,

विचारलं. तो पायरीवर बसून बुटांना तेल लावत होता.

त्यानं झाडू पाहिला नव्हता. तुमच्या गावाला साक्षीदार हवा होता, मी दिला, असं म्हणाला. डावं अंग त्यानं अंदाजानं लिहिलं.

मी म्हटलं, म्हणजे मर्डोचा झाडू लागला यावर तुझा स्वतःचाही विश्वास नाही. तेव्हा त्यानं बूट खाली ठेवला. पुढे जे बोलला ते जसंच्या तसं लिहिते.

"झाडू पाहिला नाही. मर्डोचा चेहरा पाहिला. दगड वर्तुळात शिरला आणि त्याचा चेहरा बदलला. मला तेव्हाच कळलं की लागलाय. आणि हेही कळलं की सांगायचं की नाही ते त्याचं ठरलेलं नाही. मी तिथे उभा राहून म्हणत होतो, बोल. खेळासाठी नाही, ईना. माझ्यासाठी. मग तो बोलला. झाडू एवढासा लागलेला, त्यानं काही फरक पडला नव्हता. मला तो राहू देता आला असता. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी काढला. आणि घरी येऊन तुला म्हणालो की त्यानं दिला. तसं म्हटलं की मी घेतला हे म्हणावं लागत नव्हतं."

मर्डो, त्याला आता जिना चढताना मध्ये थांबावं लागतं. चषक त्यानं मंडळाच्या खोलीत नेऊन ठेवायला लावला. धूळ बसेल म्हणून मी रोज पुसत होते, ते एक काम कमी झालं.

मी पुन्हा काही मागावं असं तोंड मला नाही. तरी मागते, आणि या वेळी मागते आहे असं सरळ म्हणते. त्यानं जे लिहिलं ते चुकीचं असलं तरी त्यातून जे ठरलं ते खरंच आहे ना? तुझा झाडू लागला होता, तू सांगितलंस. नेस्टरला हे कळलं तर तुझी जागा जाईल आणि वेस्ली खोटारडा ठरेल, तेही शेवटच्या दिवसांत. राहू दे आता. दगड राहू दे.

ईना

*

अर्डली
१८ नोव्हेंबर १९५७

प्रिय ईना,

इतके महिने लिहिलं नाही. मधल्या काळात तुझी दोन पत्रं आली, वेस्लीच्या इस्पितळाचं एक आणि घरी आल्याचं एक. आईनं प्रार्थनेत त्याचं नाव घातलं आहे. मी उत्तर दिलं नाही, कारण तू जे मागितलं होतंस ते मी केलं नव्हतं, आणि तसं लिहायला धजत नव्हतो.

जूनमध्ये मी नेस्टरच्या कोठारावर गेलो. तो एकटा होता. मी त्याला सांगितलं की वेस्लीनं झाडू पाहिला नव्हता. माझा चेहरा पाहिला होता आणि बाकीचं माझ्यासाठी लिहिलं. हेही सांगितलं की मी दगड थांबेपर्यंत गप्प होतो, आणि खिशात तुझं पत्र होतं. दुसऱ्या कुणाला मी सांगितलेलं नाही. वेस्लीला खोटारडं ठरवलं असं तुला वाटेल. मलाही तसंच वाटतं. त्यानं माझ्यासाठी केलं आणि मी ते उघडं पाडलं. पण नेस्टर माझा कप्तान आहे. समोरच्यानं दिलेल्या शब्दावर मला त्याच्या संघात झाडता येणार नव्हतं.

नेस्टर बराच वेळ काट्याच्या दांडीवरचं वजन इकडून तिकडे सरकवत राहिला.

"म्हणजे पाहिलं कुणीच नाही," तो म्हणाला.

"नाही."

"मग लागला हे मी कशावरून समजू?"

"मी सांगतो म्हणून."

तो म्हणाला, हे फार झालं. मार्चमध्ये एक गोष्ट, मेमध्ये दुसरी, आता तिसरी, आणि शेवटी सगळं तू म्हणतोस म्हणूनच मानायचं. मी त्याला म्हटलं, "नेस्टर, माझा गहू तू तोलतोस. आमच्या बापाचाही तूच तोललास. काटा तुझा, दांडी तुझ्या बाजूला, आम्ही ट्रकमध्ये बसलेले. मी कधी दुसरीकडे जाऊन परत तोलला का?"

त्याची मान लाल झाली. मला वाटलं आता हाकलेल. मी म्हटलं, "जळला तो माझा दगड आहे. मी सांगितलंय. काढायचा की राहू द्यायचा, आता तुझी मर्जी." आणि निघून आलो.

उन्हाळाभर तो माझ्याशी वजनाचे आकडे सोडून काही बोलला नाही. वेस्लीचं त्यानं कुणाला सांगितलं नाही, एवढं मला कळत होतं, कारण ऑर्व्हिल माझ्याशी अजून गोडच वागत होता. तो गोड वागला की मला मान वर करता येत नसे.

आईलाही सांगितलं, टाळ्यांचं. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, "ऐकलं होतं मी." मग म्हणाली, "तुझा बाप झाडताना ओरडायचा फार. झाडू लागला तरी त्याला कळलं नसतं." तिनं माझी बाजू घेतली की त्याची, ते मला अजून समजलेलं नाही.

काल मैदानात बर्फ घातला. संध्याकाळी मी झाडू घेऊन गेलो. बायका खिडकीपाशी कॉफी लावत होत्या, पुरुष बाकांवर बूट बदलत होते. सगळे मला हाका मारत होते, ये मर्डो. नेस्टर बर्फाच्या पहिल्या पट्टीच्या पलीकडच्या टोकाला एकटा उभा होता, झाडूवर दोन्ही हात ठेवून. त्यानं मला बोलावलं नाही. मी अलीकडच्या टोकाला गेलो आणि एक दगड ओढून घेतला. तो पुसला. पुसायला जितका वेळ लागतो त्याहून जास्त वेळ पुसला.

मान वर केली तेव्हा नेस्टर वर्तुळात येऊन उभा होता. त्यानं झाडू उलटा करून बर्फावर टेकवला आणि माझ्यासाठी धरला, कप्तान आपल्या माणसाला नेम द्यायला धरतो तसा.

मी दगड सोडला. झाडायला कुणी नव्हतं. तो वर्तुळाच्या अलीकडेच थांबला, बराच अलीकडे. लाज वाटावी इतका.

नेस्टर दगडापर्यंत चालत आला. पायानं बाजूला सारेल असं वाटलं, कारण इतका कमी पडलेला दगड काढूनच टाकतात. त्यानं दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"राहू दे तिथेच," तो म्हणाला. "दुसरा टाक."

वेस्लीला हे वाचून दाखव. मी दुसरा लगेच टाकू शकलो नाही, तेही वाच.

तुझा,
मर्डो